तांबी बसवायला जाण्याआधी

चि. सौ. रेवतीस,


तांबी बसवायचं ठरवलंस, असं ताई म्हणाली. टेबलावर नेमकं काय होतं ते बायकांना आधी कुणी सांगत नाही. नर्स म्हणून मी हे जवळून पाहिलंय, म्हणून लिहिते.

पाळी आल्यापासून बारा दिवसांच्या आत गेलीस तर सोयीचं. उपाशी जाऊ नकोस. दुखण्याची गोळी आधी घ्यायची का, गर्भपिशवीच्या तोंडाशी बधिर करण्याचं औषध मिळेल का, हे डॉक्टरांना अगोदरच विचार.

दिवस गेलेले नाहीत, संसर्ग नाही, हे तपासून मग पाय दुमडून झोपवतील. स्पेक्युलम आत घालताना गार लागतं, ताण येतो. औषधाने पुसून घेतात आणि पिशवीचं तोंड चिमट्याने धरतात, तेव्हा कचकन दुखतं. मग खोली मोजायला बारीक सळई आत जाते. ती टेकली की ओटीपोटात पाळीतल्यासारखी, पण जास्त जोराची कळ येते. कुणाला घाम सुटतो, कुणाला गरगरतं. त्यानंतर तांबी नळीतून आत सोडतात, तिचे दोन्ही हात उघडतात, नळी बाहेर येते आणि तिचे दोरे कापून आखूड करतात. सगळं पाच-दहा मिनिटांत होतं.

"बाळंतपण सोसलंस, मग एवढ्याचं काय?" हे वाक्य मला मुळीच सहन होत नाही. एखादीला जेमतेम कळतं, एखादी कळवळते. दोघींचंही खरंच असतं. असह्य झालं तर "थांबा" म्हण. त्यांनी थांबायलाच हवं.

नंतर लगेच उठू नकोस, जरा पडून राहा. थोडे दिवस डाग दिसतील, पोट दुखेल. पहिले तीन-सहा महिने पाळीत रक्त जास्त जाईल. तांबी छातीत चढते म्हणतात, ते खोटं. सुरुवातीच्या महिन्यांत ती कधी निसटून पडू शकते, म्हणून पुढची पाळी झाली की तपासून घे. ताप, घाण वासाचा स्राव, न थांबणारं दुखणं, चुकलेली पाळी किंवा हाताला न लागणारे दोरे, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

तांबीमुळे बाळाच्या दुधावर परिणाम होत नाही. सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसवतात; ‘कॉपर-टी ३८० ए’ प्रकारची असेल तर दहा वर्षं चालते. त्याआधी नकोशी झाली तर कधीही काढून मिळते, आणि त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.

तुझी,
मावशी