शिट्यांची भाषा

गतवर्षीं आम्ही इंग्लंडांत चिरंजीवांकडे राहिलों, तेव्हां नातवाशीं बोलावें कसें हीच मोठी अडचण झाली. त्याचें मराठी तुटपुंजें. आमचें इंग्रजी त्याला हसूं आणणारें. एके सायंकाळीं त्यानें दूरचित्रवाणीवर ‘क्लँगर्स’ लाविलें. १९६९ सालचा हा बाहुल्यांचा खेळ २०१५ सालीं नव्या मुलांसाठीं पुनः सिद्ध झाला. विणलेले ते गुलाबी प्राणी संगणकानें न रेखाटतां पूर्ववत् हातानेंच केसभर हलवून एकेक चित्र घेतलें, हें आम्हांस फार रुचलें. बोलतात मात्र निव्वळ शिट्यांनीं! (मूळ खेळांत संवाद आधीं इंग्रजींत लिहीत, मग शिटीवर वाजवीत.)

“आजोबा, त्याची आई रागावली?” नातवानें विचारिलें.

“छे! सार प्यावयास बोलावते आहे,” आम्ही म्हणालों.

“नाहीं, रागावलीच!”

निवेदकाकडे मग दोघांचेंही लक्ष राहिलें नाहीं.