मी मॅस्टोडॉनवर का गेले



गेले काही महिने तुमच्यापैकी अनेकजणी विचारताहेत, "ताई, तुमचं पान दिसत नाही, बंद केलंत का?" हो, बंद केलं. चातुर्मासातल्या पाककृती, व्रतकथा, सणावारांची तयारी असं सगळं नऊ वर्षं त्या मोठ्या समाजमाध्यमावर लिहीत होते. ते का सोडलं, ते आज सांगते.

मागच्या दशलक्षण पर्वात मी आमच्या आजेसासूबाईंच्या सल्लेखनेवर लिहिलं होतं. नव्वदी उलटलेली, शरीर थकलेलं. महाराजांच्या आज्ञेने त्यांनी एकेक आहार सोडत नेला आणि घरातल्या प्रत्येकाची क्षमा मागितली, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचीसुद्धा. लेख खरं तर त्या क्षमेवर होता. दुसऱ्या दिवशी तो काढून टाकलेला दिसला. कारण दिलं होतं, स्वतःला इजा करण्यास उत्तेजन. मी दाद मागितली, तर दोनच मिनिटांत पुन्हा तेच उत्तर आलं. एवढ्या वेळात कोणी माणसाने तो लेख वाचला असेल, असं मला वाटत नाही.

आत्महत्येला खतपाणी घालणारं लिखाण काढायलाच हवं. आपलीही मुलं हे सगळं बघतात. पण सल्लेखना म्हणजे काय, हे समजावून सांगायला समोर कोणी तरी हवं ना? राजस्थान उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2015 रोजी सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं, तेव्हा समाजाने मूक मोर्चे काढले, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 31 ऑगस्टला त्या निकालाला स्थगिती मिळाली. तिथे बाजू मांडता आली. 1955 साली कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी घेतलेली सल्लेखना आपल्या घराघरांत आदराने सांगितली जाते. इथे मात्र ते ऐकून घ्यायला कोणीच नव्हतं.

मग भाचीने मॅस्टोडॉन दाखवलं. जर्मनीतल्या ऑयगेन रोश्को या तरुणाने ते 2016 मध्ये सुरू केलं. त्याला एकच एक मालक नाही. हजारो छोटे सर्व्हर आहेत, कुठे एखादा माणूस चालवतो, कुठे एखादी संस्था. आपण एकावर नाव नोंदवायचं आणि बाकीच्यांवरच्या लोकांशीही बोलायचं. ईमेलसारखंच, तुमचा पत्ता एका कंपनीचा आणि माझा दुसरीचा, तरी पत्र पोहोचतं. आपल्या मंदिरांचंही तसंच नाही का? प्रत्येक गावचे विश्वस्त वेगळे, नियम थोडे वेगळे, पण परगावच्या मंदिरात दर्शनाला कोणी अडवत नाही. जाहिराती नाहीत, आणि ज्यांना आपण जोडलेले असतो त्यांचं लिखाण वेळेच्या क्रमाने समोर येतं.

भाची म्हणाली होती, "मावशी, इथे सेन्सॉरशिप नाही." ते मात्र पूर्ण खरं नाही. प्रत्येक सर्व्हरचे नियम असतात आणि चालवणारा लिखाण काढू शकतो. 2019 मध्ये द्वेषाच्या लिखाणासाठी बदनाम झालेलं गॅब हे माध्यम मॅस्टोडॉनची प्रणाली घेऊन आलं, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंधच तोडले. मला ते योग्य वाटलं. दार बंद करणारा कोण, हे ठाऊक असतं, त्याला विचारता येतं, आणि नाहीच पटलं तर दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवता येतं.

आजेसासूबाईंवरचा लेख मी तिथे तुकड्यातुकड्यांनी टाकला, कारण एका वेळी साधारण 500 अक्षरंच मावतात. एका अनोळखी बाईंनी थेट विचारलं, "ही उपासमार नाही का?" प्रश्न टोचला. पण तो माणसाने विचारलेला होता, म्हणून उत्तर देता आलं. त्यांना सगळं पटलं नाही. तरी बोलणं तुटलं नाही.

हे फुकटात मिळालं नाही. नणंदबाई, मामी आणि जुन्या वाचकांतल्या बहुतेकजणी तिकडेच राहिल्या. पूर्वी पुरणपोळीच्या फोटोखाली शंभरजणी बोलायच्या, आता सात-आठ. नणंदबाईंना मी दर रविवारी फोन करते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. वरून धाक नसला की जिभेचा लगाम आपल्याच हातात येतो. भाषा समिती आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केली, हित, मित आणि प्रिय बोलावं म्हणून. त्या बाईंना उत्तर लिहिताना मी ते तीनदा पुसलं, तेव्हा कुठे तो धडा मला नीट कळला.

तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर तीन गोष्टी सांभाळा. नाव नोंदवण्याआधी त्या सर्व्हरचे नियम वाचा. तिथले खाजगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात, म्हणून घरातल्या गोष्टी तिथे लिहू नका. आणि सर्व्हर बदलला तर आपल्याला जोडलेले लोक बरोबर येतात, जुनं लिखाण येत नाही. त्यामुळे प्रत्येक लेखाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. मी तर वहीतच लिहून ठेवते.