रात्री येणारा पाढा सकाळी जातो

आमच्या धाकट्याचे उपचार संपून चार वर्षे झाली. रक्ताचा कर्करोग होता, लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा लिम्फोब्लास्टिक प्रकार. अडीच वर्षे औषधे चालली. अल्हम्दुलिल्लाह, आता रिपोर्ट चांगले येतात. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "पोर बरं झालं, आता काळजी कसली!"

पण चौथीत गेल्यापासून त्याचे अभ्यासात अडू लागले. रात्री पाठ झालेला सातचा पाढा सकाळी आठवत नाही. फळ्यावरच्या चार ओळी उतरवेपर्यंत फळा पुसला जातो. तीन कामे सांगितली, तर एकच लक्षात राहते. शाळेतून चिठ्ठी आली, 'मुलगा आळशी आहे.' दादी म्हणाल्या, आजारपणातल्या लाडांनी बिघडला. आम्हांला पटेना. हा पोरगा रडत रडत पाढा म्हणतो, आळशी मूल रडत नाही.

डॉक्टरांनी उलगडून सांगितले. हा रोग मेंदूकडे जाऊ नये म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडतात. त्याने जीव वाचतो, पण काही मुलांची समजून घेण्याची गती, लक्ष आणि ऐकलेले मनात धरून ठेवण्याची ताकद कमी होते. कोवळ्या वयात मेंदूला रेडिएशन दिले असेल तर हा धोका अधिक. हे पुष्कळदा उपचार संपल्यावर काही वर्षांनी, अभ्यास वाढला की दिसते. गणितात तर अधिक.

मानसशास्त्रज्ञांच्या तपासणीत बुद्धी ठीक, गती कमी असे निघाले. तो अहवाल आम्ही शाळेत दिला. आता पुढचा बाक, दहाऐवजी पाच गणिते आणि शेजारच्या मुलीच्या वहीची झेरॉक्स. मक्तबमधल्या मौलवीसाहेबांची आम्हांला धास्ती होती, पण त्यांनीच सर्वांआधी समजून घेतले. रोजचा सबक दोन ओळींवर आणला आणि त्याही आधी ऐकवून मग वाचून घेतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. प्रमाणपत्र असले की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. फुफी म्हणतात, कशाला पोराच्या कपाळावर शिक्का? वेळ मिळणार असेल तर शिक्का चालेल, असे आमचे मत. पुढच्या महिन्यात सरकारी रुग्णालयात तपासणीची तारीख आहे. कोणते औषध कधी, किती दिले ते सारे जुन्या फाइलमध्ये आहे. ती माळ्यावरून काढून ठेवली आहे.