खून झाला त्या आठवड्यातली परीक्षा

‘मूल तिथे नव्हतंच, त्याला काही लागलंही नाही.’ शिकागोच्या उपनगरात राहून हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडले आहे, की त्याचा राग येणे एव्हाना थांबायला हवे होते. थांबलेले नाही. शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, एंगलवुड किंवा नॉर्थ लॉनडेलसारख्या वस्तीत कुणाचा गोळी लागून मृत्यू झाला, की बातमीत मृताचे वय येते, जखमींचा आकडा येतो, पोलिसांचा तपास येतो. त्या गल्लीतून दुसऱ्या दिवशी शाळेत गेलेली मुले कुठल्याच आकड्यात येत नाहीत. 2021 मध्ये या शहरात सुमारे 800 खून झाले, पण ते शहरभर सारखे विखुरलेले नव्हते; शहराच्या 77 भागांपैकी मोजक्याच भागांत असे खून पुन्हा पुन्हा होतात. म्हणूनच उपनगरातल्या आम्हा लोकांना ते हवामानासारखे वाटतात, पाऊस तिकडे पडतो, इकडे नाही. माझे म्हणणे असे आहे, की ज्याने काहीही पाहिले नाही अशा मुलाचेही नुकसान होते, ते मोजता येते, आणि तरी त्याची किंमत आपण त्या मुलाकडूनच वसूल करतो.

पुरावा 2010 साली आला. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी शिकागोतल्या मुलांच्या वाचनाच्या आणि शब्दसंग्रहाच्या चाचण्या घेतल्या गेल्याच्या तारखा, त्याच परिसरात झालेल्या खुनांच्या तारखांशी ताडून पाहिल्या. चाचण्या एका मोठ्या संशोधन प्रकल्पासाठी आधीच झालेल्या होत्या आणि त्यांच्या तारखा खुनांचा विचार करून ठरलेल्या नव्हत्या. घराजवळ खून होऊन आठवडाही उलटलेला नसताना ज्या आफ्रिकी-अमेरिकी मुलांची चाचणी झाली, त्यांचे गुण अर्ध्या ते दोन तृतीयांश मानक विचलनाने खाली होते. सोप्या शब्दांत सांगायचे, तर शंभर मुलांत मधोमध बसणारे मूल खालच्या तिसऱ्या हिश्श्यात जाऊन पडते. मुलाने खून पाहिला होता का, मृत व्यक्ती त्याच्या ओळखीची होती का, हे या हिशेबात धरलेलेच नव्हते. खून जवळपास झाला, एवढे पुरेसे ठरले. झोप उडालेली, मोठी माणसे खालच्या आवाजात बोलणारी, बाहेर खेळायला बंदी. अशा घरातले मूल प्रश्नपत्रिकेसमोर बसते तेव्हा त्याचे अर्धे लक्ष दाराकडे असणार, हे कळायला खरे तर संशोधन लागू नये. पण आकड्याशिवाय कुणी ऐकत नाही.

यावर आपल्या मंडळींचे ठरलेले उत्तर असते: आम्हीही चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत शिकलो, गरिबीचे भांडवल कशाला? या उत्तरातच घोटाळा आहे. शार्की यांनी गरीब मुलांची तुलना श्रीमंत मुलांशी केलेली नाही. एकाच वस्तीतली मुले घेतली. काहींची चाचणी खुनाच्या आधी झाली, काहींची नंतर. गरिबी दोघांकडे सारखी, शाळाही बहुधा त्याच, घरातले संस्कार चार दिवसांत बदलत नाहीत. बदलली ती एकच गोष्ट. चाळीत जागा कमी होती, आवाज जास्त होता. पण शाळेच्या वाटेवर मरण येईल अशी धास्ती रोजची नव्हती. जिथे तशी धास्ती होती, तिथल्या मुलांचे काय झाले हे आपण तरी कधी नीट मोजले?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. हा परिणाम आठवडाभरात ओसरतो, मग एवढे काय? जिथे वर्षातून एक खून होतो तिथे हे ठीक आहे. जिथे एक ओसरण्याआधी दुसरा होतो तिथे ‘तात्पुरते’ म्हणजे किती दिवस? शिवाय परीक्षा तो परिणाम ओसरण्याची वाट पाहत नाही. 1996 नंतर शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी तिसरी, सहावी आणि आठवीच्या मुलांना ठरावीक चाचणीत कमी गुण पडले, तर आधी उन्हाळी वर्ग आणि तरीही जमले नाही तर त्याच इयत्तेत ठेवणे, असे धोरण आणले. संशोधनातल्या चाचण्या वेगळ्या होत्या, पण काळ बराचसा तोच. म्हणजे मुलाचे वर्ष एका तारखेवर टांगलेले, आणि त्या तारखेच्या आदल्या रात्री त्याच्या कोपऱ्यावर काय झाले हे विचारायला उत्तरपत्रिकेत रकाना नव्हता. याला गुणवत्ता म्हणायचे हे मला आजही पटत नाही.

मग कुटुंबांनी तिथून हलावे का? 1994 मध्ये सुरू झालेल्या एका सरकारी प्रयोगात शिकागोसह पाच शहरांतल्या कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. टोळ्या आणि अमली पदार्थ यांपासून सुटका हे बहुतेकांचे कारण होते. इथे माझा युक्तिवाद अडखळतो. मुलांचे परीक्षेतले गुण फारसे वाढले नाहीत. पुढे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांना आढळले, की तेरा वर्षांच्या आत हललेली मुले विशीत सुमारे 31 टक्के अधिक कमावत होती. मोठ्या वयात हललेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडा तोटाच झाला. तेव्हा गुणांवर एवढा भर देणारे आम्ही कदाचित चुकीच्या जागी मोजतो आहोत.

आणखी एक अडचण आहे. ‘हिंसेने खचलेली मुले’ हा शिक्का एकदा बसला, की शिक्षक अपेक्षाच कमी करतात, हे तिथल्या पालकांचे म्हणणे मला खोडता येत नाही. 2009 पासून शाळांच्या वाटांवर झगझगीत जाकिटे घालून उभी राहणारी वस्तीतलीच माणसे मला म्हणून जास्त पटतात. ती मुलांना नव्हे, रस्त्याला दुरुस्त करायला उभी असतात. पण त्यांच्या पगाराला पैसा हवा, आणि पैसा मागायला पुन्हा त्या मुलांच्या नुकसानीचे आकडेच पुढे करावे लागतात.