देवबागचा पाहुणचार

मालवण येथें शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग पाहून आम्ही सहकुटुंब देवबागेस गेलों. वाचकांपैकीं ज्यांनीं हें गांव पाहिलें नसेल, त्यांनीं वाळूची एक लांबट जीभ डोळ्यांपुढें आणावी. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी व मध्यें माडांची राई! कांहीं ठिकाणीं ही पट्टी इतकी अरुंद, कीं अंगणांत समुद्राची गाज ऐकावी आणि परसांतून नदीवरील होड्या पाहाव्या.

सिंधुदुर्ग हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढें पर्यटन महामंडळाच्या 'न्याहारी व निवास' योजनेनें येथील साध्या घरांतही पाहुणे उतरूं लागले. आम्हीही अशाच एका मासेमार कुटुंबांत उतरलों. आमच्या मातोश्रींचें सोवळें ओळखून घरच्या आजींनीं निराळीं भांडीं काढलीं आणि शिरवाळे व नारळाचा गोड रस त्यांच्यापुढें ठेवला.

दुसरे दिवशीं पहांटे किनाऱ्यावर रापण चालली होती. होडीनें समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडलेल्या जाळ्याचीं दोन टोकें किनाऱ्यावरून अनेक माणसें मिळून ओढतात, व मिळालेल्या मासळीचे वांटे पडतात. आमच्या चिरंजीवांनीं हौसेनें दोराला हात लावला, तों शेवटीं त्यांच्यापुढेंही मूठभर मासळी आली! आम्ही संकोचलों. घरचे आजोबा हंसून म्हणाले, "पोरान दोरयेक हात लावल्यान, म्हणजे वाटो इलोच!"

या पर्यटनाविषयीं लोकांस काय वाटतें, असें आम्हीं सायंकाळीं विचारलें. थोरले चिरंजीव पाहुण्यांस होडींतून फिरवितात. मुंबईची नोकरी सोडून ते घरीं परतले, तें या धंद्यामुळेंच. धाकटे रापणीवर जातात. रापणीस मोकळा किनारा लागतो, आणि हंगामांत तेथेंच करमणुकीच्या होड्या उभ्या असतात. यावरून भावाभावांत शब्दास शब्द लागतो. तरी रात्रीं पंगत एकच असते.

आजींची चिंता मात्र विहिरीची. अशा वाळूच्या पट्टींत पावसाचें गोडें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. पंपानें फार उपसलें, कीं खालचें खारें पाणी वर चढतें. "पावणे येवंदेत," त्या म्हणाल्या, "पण बावडी आमका जलमभर होई." आमचीं मुलें दिवसांतून दोनदां मनसोक्त नहात होतीं, हें आठवून आम्ही खालीं पाहिलें.

बाहेरून ठरून आलेल्या योजनांविषयीं मात्र या लोकांच्या मनांत अढी आहे. १९८७ सालीं मालवणचा समुद्र अभयारण्य ठरला, तेव्हांपासून आपली मासेमारी जाईल ही धास्ती मासेमारांस लागली. उद्यां मोठीं हॉटेलें आलीं, तर आपण तेथें यजमान असणार कीं नोकर, हाच त्यांचा प्रश्न आहे. पाहुण्यांचा त्यांस तिटकारा नाहीं. रापणीचा न्याय येथेंही लागावा, एवढेंच त्यांचें मागणें. ज्यांचा किनारा व ज्यांची विहीर, त्यांचा वांटा आधीं.

निघतांना आजींनीं मातोश्रींच्या ओटींत नारळ घातला व पुन्हां येण्याचें वचन घेतलें. तें आम्ही पाळणार आहोंत. मात्र त्या वेळीं स्नानास माणशीं एकच बादली, हें आमच्या घरीं आतांच ठरलें आहे.