दीव बेटावरील तीन ख्रिस्तमंदिरे

आम्हां आदिलाबादकरांना समुद्राचा परिचय बेताचाच. पाणी म्हटले की पैनगंगा, फार तर गोदावरी, एवढेच डोळ्यांपुढे येते. म्हणून मुंबईच्या एका स्नेही कुटुंबासमवेत सहलीच्या जहाजातून जाण्याचा योग आला, तेव्हा दीव बेटावर मिळालेले काही तास मला फार मोलाचे वाटले.

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला खेटून असलेले हे बेट क्षेत्रफळाने अवघे ४० चौरस किलोमीटर आहे. १५३५ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधण्याची अनुज्ञा दिली. आणि दोनच वर्षांनी दीवच्याच समुद्रात त्यांच्याशी झालेल्या झटापटीत तो प्राणास मुकला. १५३८ व १५४६ साली किल्ल्यास दोन भयंकर वेढे पडले, तरी तो ढळला नाही. परंतु डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य येताच सव्वाचारशे वर्षांची सत्ता मावळली. तटावरील जुन्या तोफा आता केवळ प्रवाशांची करमणूक करतात.

माझे मन अधिक रेंगाळले ते तीन ख्रिस्तमंदिरांपाशी. संत थॉमस यांच्या मंदिराचे संग्रहालय झाले आहे. ज्या मूर्तींपुढे आयाबायांनी गुडघे टेकले, त्या आता केवळ पाहण्याच्या वस्तू झाल्या आहेत. संत फ्रान्सिस आसिसीकर यांचे मंदिर रुग्णालयाच्या कामी आले. रुग्णांची शुश्रूषा ज्या भिंतींआड घडली, ते मंदिर ओस पडले असे म्हणण्यास मन धजत नाही. १६१० साली पूर्ण झालेल्या संत पॉल यांच्या मंदिरात मात्र आजही मिस्सा होते.

वेदीवरील लाकडी कोरीव काम पाहून डोळे निवतात. पण बाके भरण्यास माणसे थोडी. दीवची कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी पोर्तुगाल व इंग्लंड येथे जाऊन स्थायिक झाली आहेत. त्यांना दोष कोण देईल?

वाचकहो, आपल्या गावांतील तरुणही हैदराबादेस, नागपुरास, आखातात जात आहेत. कापसाच्या शेतीवर घर चालत नाही, तेव्हा त्यांना अडविणे आपल्या हाती नाही. मात्र सायंप्रार्थनेस घरातील सर्वांनी एकत्र बसावे, मुलांना मायबोलीतून प्रार्थना शिकवावी, शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस करण्यास त्यांना सोबत न्यावे, हे आपल्या हाती आहे. अशी शिदोरी घेऊन गेलेला मुलगा कोठेही असो, तेथील मंदिराचे एक बाक भरलेले राहील.