‘मानसशास्त्रच का?’

एम.फिल.च्या मुलाखतींच्या दिवशी आमच्या विभागाबाहेरच्या बाकांवर एकच पुस्तक चारपाच हातांत दिसतं: नीरज आहुजांचं सायकियाट्रीचं छोटेखानी पाठ्यपुस्तक. कुणी डिल्यूजन आणि ओव्हरव्हॅल्यूड आयडिया यांतला फरक शेजारच्याकडून पक्का करून घेत असतं, कुणी डिझर्टेशनची स्पायरल फाइल उगाच चाळत असतं. बहुतेकांची ही पहिली मुलाखत नसते. कुणी रांचीच्या सीआयपीला जाऊन आलेलं, कुणी बंगळुरूच्या निम्हान्सची लेखी परीक्षा दिलेलं. एकाच हंगामात देशभर फिरून ही मुलं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखायला लागतात. ‘तिथं काय विचारलं?’ हाच त्यांचा नमस्कार.

एवढी धावपळ कशासाठी, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. एम.ए. झालं की झालात की मानसतज्ज्ञ, असं नातेवाइकांना वाटतं. पण रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेलं दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण आणि त्यानंतरची नोंदणी, ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याची रुळलेली वाट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येतही हे दोन वर्षांचं एम.फिल. आहे. नव्या शैक्षणिक धोरणात बाकी बहुतेक विषयांची एम.फिल. गेली, आमच्या विषयाला यूजीसीनं जानेवारी २०२४ मध्ये २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. जागा मात्र पहिल्यापासूनच बोटांवर मोजण्याइतक्या.

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, त्याला आता बरीच वर्षं झाली. जवळजवळ प्रत्येक पॅनेलवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मानसशास्त्रच का?’ विचारणाऱ्याला वाटतं, मुलाचा ताण हलका करावा म्हणून सोपं काहीतरी विचारलं. उत्तरं साधारण दोन प्रकारची येतात. पहिलं, ‘शाळेपासून सगळ्या मैत्रिणी मलाच मनातलं सांगायच्या.’ याला हसू नये, खरंच सांगत असतील. पण हे इतक्यांदा ऐकलंय की महाराष्ट्रात मनातलं सांगणाऱ्या मैत्रिणी मग गेल्या कुठं, असा प्रश्न पडतो.

दुसऱ्या प्रकारच्या उत्तराला मी घाबरते. एक मुलगा ‘घरी थोडा अनुभव आहे’ एवढंच म्हणून थांबला. पॅनेलवरच्या एकांनी ‘म्हणजे?’ म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं वडिलांच्या दारूबद्दल सांगितलं, मग आईनं एकदा घेतलेल्या गोळ्यांबद्दल. आवाज स्थिर होता, पण अंगठ्याचं नख फाइलच्या कडेवर एकसारखं फिरत होतं. टेबलावर चहा आला. कुणीतरी हजेरीच्या कागदावर त्याची सही झालीय का ते पाहिलं. मग पुढचा प्रश्न आला: ‘बरं, क्रॉनबॅक अल्फा कशासाठी काढतात?’ त्यानं बरोबर उत्तर दिलं. बाहेर जाऊन तो त्या बाकावर किती वेळ बसला असेल, कुणास ठाऊक.

ओपीडीत आम्ही हे कधीच करत नाही. केस हिस्टरी घेताना पहिल्या महिन्यातच विद्यार्थ्याला शिकवतो की टाके घालायला वेळ नसेल तर कापू नये. पेशंटला कळतं की समोरचा उपचार करणार आहे, त्यानं सांगितलेलं केसपेपरमध्ये राहणार आहे, चारचौघांत जाणार नाही. उमेदवाराला यातलं काहीच मिळत नाही. चार अनोळखी माणसं, दहा मिनिटं आणि शेवटी गुण. त्यात आता ‘थोडं पर्सनल सांगा, इम्प्रेशन पडतं’ असा सल्लाही मुलांना मिळायला लागलाय. म्हणजे ज्याला खरंच भोगावं लागलं तो गप्प बसतो किंवा नको तेवढं बोलून बसतो, आणि ज्याला सांगण्याची कला जमते तो गुण नेतो.

माझे एक ज्येष्ठ सहकारी यावर म्हणतात, ‘अहो, ज्याची स्वतःची जखम ओली आहे तो वॉर्डात कोसळेल, ते आधी नको का कळायला?’ कळायला हवंच. पण ते दहा मिनिटांत कळत नाही. त्यासाठी दोन वर्षांचं सुपरव्हिजन असतं, आणि ते नीट करणं आपलं काम आहे.

गंमत म्हणजे मुलाखतीवर विसंबू नये, हे सगळ्यांत आधी आमच्याच विषयानं सांगितलं. १९७१ मध्ये रॉबिन डॉज यांनी अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचेच पदव्युत्तर प्रवेश तपासले. पुढं विद्यार्थी कसे निघाले, याचा अंदाज प्रवेश समितीच्या मतापेक्षा परीक्षेचे गुण, पदवीचे गुण आणि कॉलेजचा दर्जा यांच्या साध्या बेरजेनं अधिक चांगला बांधला होता. त्याआधी १९५५ च्या सुमारास तरुण डॅनियल कानेमननी इस्रायली सैन्यातल्या मुलाखतींची पद्धत बदलली होती. सहा गुणविशेष ठरवायचे, प्रत्येकासाठी ठरलेले, वस्तुस्थितीचे प्रश्न विचारायचे, आणि एकाचे गुण लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळायचं नाही. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्रं करून टाकता म्हणाले. त्यांची समजूत काढायला कानेमननी शेवटी डोळे मिटून मनाला येईल तो आकडा लिहायची मुभा दिली. नव्या पद्धतीचे अंदाज जुनीपेक्षा सरस ठरले, आणि तो मनाचा आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच कामाचा निघाला. आधी शिस्त, मग अंतःप्रेरणा, हा क्रम मात्र महत्त्वाचा.

हे सगळं आम्ही वर्गात शिकवतो आणि मुलाखतीच्या खोलीत शिरताना विसरतो.

आमच्याकडे आता थोडं बदललंय. सगळ्यांना तेच प्रश्न, आपापसात बोलण्याआधी प्रत्येकानं आपले गुण लिहायचे, आणि एक प्रसंग. ‘समोर पेशंटची आई बसली आहे. मुलगा बावीस वर्षांचा, सहा महिने कॉलेजला गेलेला नाही, खोलीत एकटाच बोलतो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात. गावाकडच्या देवऋषीनं बाहेरचं आहे म्हणून सांगितलंय. बोला तिच्याशी.’ आतापर्यंत फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं इथं अडखळतात. ‘मॅडम, फर्स्ट आय विल सायकोएज्युकेट...’ ‘मला नका सांगू, तिला सांगा.’ मग शांतता. कामतांनी बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, ती यांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेली असते. ती वापरायची त्या मुलाच्या आईशी बोलायची तयारी मात्र कुणी करून घेतलेली नसते.

मराठवाड्यातून आलेली एक मुलगी आधी स्टँडर्ड एररवर पार अडकली होती. या प्रसंगावर ती खुर्चीत किंचित पुढं सरकली. ‘मावशी, लांबून आलात, जेवलात का? तो रात्री झोपतो का? आणि तुम्ही?’ मग जरा थांबून, ‘देवऋषीकडे गेलात, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पोटच्या पोरासाठी माणूस सगळीकडे जातं. गोळ्या मात्र बंद करू नका, आणि दोन आठवड्यांनी त्याला घेऊन या.’ आईच्या झोपेची चौकशी त्या दिवशी दुसऱ्या कुणी केली नव्हती. त्या सदराखाली तिला आम्ही चौघांनी पूर्ण गुण दिले. लेखी परीक्षेत ती मागं असल्यानं एकूण बेरजेत प्रतीक्षा यादीत गेली. बेरीज मानायची म्हटलं की ही किंमतही मानावी लागते. मला ती आजही जड जाते.

पॅनेलवर बसणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती आहे: ‘मानसशास्त्रच का?’ हा प्रश्न गाळा. फारच वाटलं तर अर्जातच विचारा, म्हणजे काय लिहायचं नि काय नाही हे ज्याचं त्याला घरी बसून ठरवता येईल. आणि उमेदवारांनो, कुणी विचारलाच, तर घरातलं दुखणं टेबलावर ठेवलंच पाहिजे असं नाही. ‘ते मला इथं सांगायचं नाही’ हे पुरेसं उत्तर आहे. त्याबद्दल कुणी गुण कापणार असेल, तर त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढायची का, ते तुम्हीही ठरवा.